घट

दर सोमवारी साडेनऊला
मी कुप्या उघडते.
सदतीस अंशांचं कोमट खारट पाणी,
अंगातलं असावं तसं. अंग तेवढं नाही.
चकत्या चिमट्यानं उचलते, टिपकागदावर निथळवते,
निर्वातात सुकवून काट्यावर ठेवते
आणि काचेचं दार लावून श्वास धरते.
श्वासानं आकडा हलतो.
पाषाण रस्त्यावरून खडीचा डंपर गेला
तरी हलतो.

वहीतल्या शेवटच्या रकान्याचं नाव: घट.
पहिल्या आठवड्यात एक टक्का, चौथ्यात तीन,
नवव्यात अकरा.
चकती जितकी कमी भरते
तितकी मला बरी झोप लागते.

आईला हे समजावणं अवघड.
बोहरी आळीत कढई घेताना
ती अजून दुकानदाराला विचारते, किती वर्षं जाईल?
आणि तिची मुलगी पगार घेते
वेळेवर नाहीशा होणाऱ्या वस्तू करण्याचा.

‘वेळेवर’ हा शब्द सबनीस मॅडमचा.
लवकर गेली तर हाड अधांतरी,
उशिरा गेली तर हाडाला जागा नाही.
बाणेरला स्लॅब पडतायत, म्हणाल्या,
तिथल्या सेंट्रिंगवाल्याला विचारा जाऊन,
फळ्या कधी काढायच्या ते त्याला कळतं.
आपल्या फळ्यांना ते स्वतःलाच कळायला हवं.

सातवी तुकडी चार आठवड्यांत विरघळली,
पाणी इतकं आंबट की पेशींनी
ताटलीचा तळ सोडला आणि तरंगत राहिल्या.
नववी विरघळलीच नाही,
लग्न उरकून महिना झाला तरी
रस्ता अडवून उभ्या असलेल्या मांडवासारखी.
अकरावी सशात गेली.

सशांचं सगळं यमाजी खुडे बघतात.
नावं ठेवायची नाहीत असा नियम,
म्हणून सत्तावीस नंबरला ते नुसतं ‘सत्तू’ म्हणत.
सत्तूच्या मांडीत आम्हीच पाडलेलं भोक
बारा आठवड्यांत बुजलं. काचपट्टीवर
निळं नवं हाड, त्यात चकतीचे अवशेष
पावाच्या चुऱ्याएवढे.
मी जिने उतरून सांगायला गेले.
यमाजी रिकामा पिंजरा धूत होते.
‘भरलं?’
‘भरलं.’
‘मग बरं,’ म्हणाले, आणि नळ मोठा केला.

बाबांच्या मांडीत स्टीलची सळई होती,
खडकीच्या फाटकापाशी लुना घसरली तेव्हाची.
एकोणीस वर्षं. डिसेंबरात म्हणायचे,
तुम्हाला थंडी बाहेरून वाजते, मला आतून.
तिसऱ्या दिवशी वैकुंठात सावडायला गेलो.
हाडाची काडं केली म्हणतात ना, ती काडं:
पांढरी, हलकी, बोट लावलं की भुगा.
आणि त्यांच्यात ती, होती तेवढीच लांब,
जराशी निळसर.
तिथल्या माणसानं चिमट्यानं बाजूला काढली.
‘ही घटात मावायची नाही.’

मी ती रुमालात गुंडाळून आणली.
माझ्या खणात आहे, हातमोज्यांच्या खोक्यामागं.
एकदा सगळे जेवायला गेल्यावर
काट्यावर आडवी ठेवली. दार लागेना.
आकडा आलाच नाही, पडद्यावर नुसत्या रेघा:
क्षमतेबाहेर. क्षमतेबाहेर.
मी ती उचलली, काटा पुसला,
शून्यावर आणायला त्याला बराच वेळ लागला.

आज तेराव्या तुकडीचा पहिला सोमवार.
आठ कुप्या. सात ठीक.
आठवीचं झाकण सैल राहिलं, पाणी उडालंय.
शेऱ्यात तसं लिहिलं, सही केली,
आणि पुन्हा मीठ मोजायला घेतलं.